आरव्ही कॅम्पिंगसाठी जनरेटर कसा निवडावा: आधी एसीचं ठरवा

अमेरिकेत उन्हाळा जवळ आला की अनेक मराठी घरांत आरव्हीचे, म्हणजे चाकांवरच्या घरातून भटकंतीचे, बेत शिजू लागतात. भाड्याची मोठी आरव्ही घेतलीत, तर तिच्यात बहुधा जनरेटर बसवलेलाच असतो. वापराल त्या तासांचे पैसे मोजायचे, विषय संपला. स्वतःचा ट्रेलर गाडीमागे जोडून नेणाऱ्यांना मात्र जनरेटर वेगळा घ्यावा लागतो. दुकानात खोक्यांवर २२००, ३५००, ४५०० असे ठसठशीत आकडे दिसतात आणि मोठा घेतला की चिंता मिटेल असं वाटतं. मग तो साठ किलोंचा ऐवज गाडीत कोण चढवणार, यावरून घरात वाद होतात.

१. कुठे जाणार, तिथले नियम काय

मुक्कामाच्या जागेवर विजेचं हुकअप, म्हणजे ट्रेलरला वीज जोडायची सोय, असेल तर जनरेटर लागतच नाही. राष्ट्रीय उद्यानांत मात्र हुकअप दुर्मीळ. यलोस्टोनमध्ये ते फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात आहे, योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांत कुठेच नाही. शिवाय जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात. योसेमिटीत सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. यलोस्टोनमध्ये जिथे परवानगी आहे तिथे सकाळी ८ ते रात्री ८.

म्हणजे ‘रात्री एसी लावून झोपू’ या आशेवर मोठा जनरेटर घेतला, तर या उद्यानांत तो रात्रभर बंदच राहणार. तिथे त्याचं खरं काम एकच, दिवसा ट्रेलरची बॅटरी भरणं. ॲरिझोना-टेक्सासच्या उन्हात, हुकअप नसलेल्या मोकळ्या सरकारी जमिनीवर मुक्काम करणार असाल तर गोष्ट वेगळी.

२. एसी हवा की नको

निवडीतला खरा निर्णय हाच. बाकी सगळं, म्हणजे वजन, किंमत आणि आवाज, यावरून ठरतं.

ट्रेलरच्या छतावरचा १३,५०० बीटीयूचा (हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एसी चालू असताना साधारण १३०० ते १५०० वॉट घेतो. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट मागणी येते. बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला धक्काच जड जातो, तसं. म्हणून जनरेटरला दोन आकडे असतात: सुरुवातीचे वॉट आणि सतत मिळणारे वॉट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत बहुधा पहिला छापलेला असतो. होंडाच्या लोकप्रिय ईयू २२००आयमधले २२०० हे असेच क्षणाचे, सतत मिळतात १८००. तुलना नेहमी दुसऱ्या आकड्याची करा.

एसी हवाच असेल तर सतत ३००० वॉटच्या आसपास देणारा जनरेटर बघा. किंवा एसीला सॉफ्ट-स्टार्टर बसवून घ्या. त्याने सुरुवातीचा झटका निम्म्याहून खाली येतो आणि समुद्रसपाटीच्या आसपास २२०० वॉटचा जनरेटरही बऱ्याचदा एसी ओढतो. फक्त त्या वेळी मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही.

एसी नको असेल तर २००० वॉटच्या वर्गातला लहान जनरेटर बहुतेक कुटुंबांना पुरतो. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर चालतात, हीटर आणि शेगडी प्रोपेनवर. ट्रेलरमधल्या ५०-५५ अँपिअरच्या चार्जरला हजार वॉटच्या आत वीज लागते. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी त्यावर जेमतेम दोन तासांत भरते. योसेमिटीची सकाळची वेळ तेवढीच आहे. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या शेवटचा पाचवा हिस्सा फार रेंगाळत भरतात. त्यासाठी जनरेटर तासन्‌तास घरघरत ठेवण्यात अर्थ नाही, तेवढं काम सोलर पॅनलवर सोडा.

३. स्वयंपाकघराची यादी

वस्तूंवरचे वॉट बघून कागदावर लिहा. सहा क्वार्टचा इन्स्टंट पॉट साधारण १००० वॉट घेतो. विजेची किटली १५००. मायक्रोवेव्हवर १००० लिहिलेलं असलं तरी भिंतीतून तो १५००च्या आसपास ओढतो. सगळ्यांची बेरीज करू नका, एका वेळी काय चालेल तेवढंच मोजा. चहा प्रोपेनच्या शेगडीवर ठेवून भात इन्स्टंट पॉटमध्ये लावला की लहान जनरेटरही आरामात सांभाळतो. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर घरीच राहू द्या, ट्रेलरमध्ये वीज १२० व्होल्टची असते. चटणी घरून वाटून नेलेली बरी.

४. उंचीची वजावट

ही वजावट जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कुणी छापत नाही. उंचावर हवा विरळ असते, म्हणून दर १००० फुटांना इंजिनाची ताकद सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. यलोस्टोनचं मोठं तळं ७७०० फुटांहून उंचावर आहे, म्हणजे तिथे पाव हिस्सा गेलाच. १८०० वॉटचे तेराशेच्या आसपास उरतात. सॉफ्ट-स्टार्टरच्या भरवशावर खाली चाललेला एसी वर हात टेकतो तो यामुळे. उंचावर वरचेवर जाणार असाल तर त्या मॉडेलसाठी हाय-अल्टिट्यूड किट मिळतं का ते विकत घेण्याआधी विचारा. किटने इंजिन नीट चालतं. गेलेली ताकद मात्र परत येत नाही.

५. इन्व्हर्टरच घ्या, आणि शक्यतो दोन लहान

बांधकामावरचा उघड्या सांगाड्याचा जनरेटर स्वस्त असतो, पण त्याचं इंजिन भार असो-नसो मिनिटाला ३६०० फेरे घेत राहतं. इन्व्हर्टर जनरेटर भार कमी झाला की वेग उतरवतो, त्यामुळे आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतं, आणि लॅपटॉपला स्वच्छ वीज मिळते. राष्ट्रीय उद्यानांत मर्यादा ५० फुटांवर ६० डेसिबलची आहे. पत्रकातला आवाजाचा आकडा बहुधा पाव भारावर मोजलेला असतो, हे लक्षात असू द्या.

माझं मत दोन लहानांच्या बाजूने. ईयू २२००आय २१ किलोंच्या आसपास आहे, एकटा माणूस उचलतो. पॅरलल केबलने दोन जोडले की सतत ३६०० वॉट मिळतात, ३० अँपिअरचा ट्रेलर पूर्ण क्षमतेने वापरायला नेमके तेवढे. डोंगरात एकच न्यायचा, वाळवंटात दोन्ही. दोन इंजिनांची देखभाल करावी लागते आणि किंमतही जास्त पडते, हे खरं.

६. इंधन

ट्रेलरवर प्रोपेनच्या टाक्या असतातच, म्हणून पेट्रोल आणि प्रोपेन दोन्हींवर चालणारा ड्युअल-फ्युएल जनरेटर सोयीचा. प्रोपेन साठवणीत खराब होत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिलं तर कार्ब्युरेटर चोंदतो. प्रोपेनवर ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी मिळते, आणि ती उंचीच्या वजावटीच्या वर. कॅलिफोर्नियात राहत असाल तर ‘कार्ब’ची (CARB, तिथलं हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळ) मान्यता तपासा. राष्ट्रीय वनांत जाणार असाल तर स्पार्क अरेस्टर, म्हणजे धुराबरोबर उडणाऱ्या ठिणग्या अडवणारी जाळी, हवाच.

७. कार्बन मोनॉक्साइड

जनरेटरच्या धुरातल्या या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत तो जीव घेतो. वायू वाढताच इंजिन बंद करणारा सेन्सर नसलेला जनरेटर घेऊ नका, सवलत कितीही असो. जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फूट दूर ठेवा, धुराचं तोंड उलट दिशेला, आणि शेजाऱ्याची खिडकीही तेवढीच दूर. पाऊस आला म्हणून तो ट्रेलरच्या कापडी छपरीखाली ओढून आणू नका. ट्रेलरमधल्या या वायूच्या डिटेक्टरचं बटण निघण्याआधी दाबून बघा.

८. प्लग आणि घरची चाचणी

३० अँपिअरच्या ट्रेलरचा तीन पिनांचा प्लग थेट बसेल असं सॉकेट, म्हणजे टीटी-३०, जनरेटरवर आहे का बघा; नसेल तर अडॅप्टर लागेल. ट्रेलरच्या वायरीला ईएमएस, म्हणजे सदोष वीज अडवणारं संरक्षक यंत्र, लावलेलं असेल तर आणखी एक भानगड निघते. बहुतेक इन्व्हर्टर जनरेटरांत न्यूट्रल आणि ग्राउंड जोडलेले नसतात. ईएमएस त्याला वायरिंगचा दोष समजतं आणि वीज आत सोडतच नाही. जनरेटर बिघडलेला नसतो. हे दोन्ही जोडणारा न्यूट्रल-ग्राउंड बाँडिंग प्लग जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये खोचला की काम होतं. हा प्लग जनरेटरवरच वापरायचा, कॅम्पग्राउंडच्या किंवा घरच्या सॉकेटमध्ये कधीही नाही.

हे सगळं निघण्याच्या आदल्या रात्री करू नका. पेट्रोल भरलेला जनरेटर परत घ्यायला दुकानं कुरकुरतात, तेव्हा परतीचे नियम आधीच विचारा. नव्या जनरेटरमध्ये तेल नसतं. ते भरून अंगणात तासभर चालवा, एसी आणि इन्स्टंट पॉट लावून बघा. पहिलं तेल लवकर बदलायचं असतं, होंडाच्या लहान जनरेटरांत २० तासांनंतर. हा आकडा चिकटपट्टीवर लिहून झाकणावर लावून ठेवा.