माळावरच्या मुक्कामासाठी दिवा किती प्रखर असावा?

उजनीच्या काठी किंवा करमाळ्याकडच्या माळावर तंबू ठोकायला निघालेल्या माणसाला सोलापुरात दुकानदारापासून मित्रांपर्यंत सगळे एकच सल्ला देतात, तो म्हणजे 1000 ल्युमेनच्या खाली काही घेऊ नका. हा सल्ला सपशेल चुकीचा आहे. घरातला 9 वॉटचा एलईडी बल्ब साधारण 800 ते 900 ल्युमेन उजेड देतो. दोन माणसांच्या तंबूत तेवढा उजेड हातभर अंतरावर कोणाला सोसणार?

तंबूत 40 ते 100 ल्युमेन पुरतात. रात्री चालण्यासाठी डोक्याला बांधायचा 150 ते 200 ल्युमेनचा दिवा घ्यावा. फुरसे आणि विंचू यांच्या मुलखात तेथे काटकसर नको.

खरी कसोटी लागते ती चुलीजवळच्या दिव्याची. झाडीत दिवा टांगायला फांदी मिळते आणि थोडा उजेड पानांवरून परत येतो, पण उघड्या माळावर यातले काहीच नसल्यामुळे गाडीच्या टपावर ठेवलेला 400 ल्युमेनचा दिवाही मिणमिणता वाटतो आणि माणूस आणखी मोठा दिवा विकत घेतो. अडचण दिव्याच्या ताकदीची नसून अंतराची असते. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. म्हणजे 3 मीटरवरचा दिवा दीड मीटरवर आणला, तर तोच दिवा चौपट काम करतो.

म्हणून सोबत एक काठी न्यावी आणि 200 ल्युमेनचा दिवा चुलीपासून मीटर-दीड मीटरवर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वर टांगावा. तो पाठीमागे असला तर आपलीच सावली तव्यावर पडते आणि भाकरी करपल्याचे वासावरूनच कळते. समोर डोळ्यांच्या रेषेत असला तर बाहुल्या आकसतात आणि तव्यापलीकडचे काहीच दिसत नाही. तो समोरून पण एका बाजूला, दुधी काचेचा किंवा पांढऱ्या प्लास्टिकच्या आवरणाचा असावा. लावताना सर्वांत मंद पायरीवर लावावा, डोळे अंधाराला सरावण्यासाठी किमान 20 मिनिटे थांबावे आणि मगच गरज पडल्यास एक पायरी वाढवावी. पहिल्याच मिनिटाला बटण दाबत सुटणाऱ्यांनी प्रखरतेबद्दल मत देऊ नये.

रंग 2700 ते 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्यावा. पांढऱ्याशुभ्र निळसर दिव्यावर काठावरची पाखरे तुलनेने जास्त झेपावतात आणि ती थेट आमटीत पडतात.

खोक्यावरचा आकडा मात्र हिशेब केल्याशिवाय मानू नये. 3.7 व्होल्टच्या 3000 मिलिअँपिअर-अवर बॅटरीत सुमारे 11 वॉट-तास वीज मावते आणि साधारण एलईडी दर वॉटला 100 ल्युमेनच्या आसपास उजेड देतो. त्यामुळे 200 ल्युमेनवर असा दिवा पाचएक तास चालतो. त्याच बॅटरीवर 1000 ल्युमेन 10 तास मिळतील असे खोक्यावर छापले असेल, तर तो दिवा दुकानातच ठेवावा.