स्नोबोर्ड वळत नाही? स्वतःला दोष देण्याआधी बोर्ड बघा, आणि या चुका टाळा

गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या, खालच्या स्टेशनाजवळ नवशिक्यांचा उतार आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिथे नाशिकची एक मुलगी भेटली. शिकण्याचा तिसरा दिवस होता तिचा. टाचेवर जोर देऊन ती खाली घसरत यायची, पण चवड्यावर वळायला गेली की बोर्ड जागचा हलायचा नाही आणि ती गुडघ्यांवर आपटायची. दोन्ही गुडघे काळेनिळे पडले होते. मला म्हणाली, "दादा, मला भीती वाटते ना, म्हणून वळता येत नाही. शिकवणारे पण तेच म्हणतात."

तिच्या पायाखालचा बोर्ड उलटा करून बघितला. लांबी १५६ सेंटीमीटर, आणि पुढे 'वाइड' असं छापलेलं. मुलगी उंच, पाच फूट सात इंच, म्हणून भाड्याच्या दुकानात उंची बघून हा दिला होता. वजन मात्र जेमतेम ५० किलो, आणि पाऊल २३ सेंटीमीटरचं. बोर्डाची कंबर, म्हणजे मधला सगळ्यात अरुंद भाग, २६ सेंटीमीटरची. स्नोबोर्डवर आपण आडवे उभे असतो, एका कडेला टाचा आणि दुसऱ्या कडेला चवडे. तिचा चवडा कडेपर्यंत पोचतच नव्हता. जिथे पाय पोचत नाही तिथे जोर कसा लागणार? दुकानात जाऊन १४६ चा, २४ सेंटीमीटर कंबरेचा बोर्ड आणला. दुपारी ती दोन्ही कडांवर वळत होती. भीती सकाळी होती तेवढीच होती, फक्त आता पाय कडेवर होता.

हा प्रसंग मला विसरता येत नाही, कारण अशी कितीतरी माणसं दोन-तीन दिवस मार खाऊन "हे आपलं काम नाही" म्हणत पुण्या-मुंबईला परत जातात. म्हणून चुका सांगताना नेहमीचा क्रम सोडतोय. आधी त्रास काय होतो ते बघू, मग चूक कुठे झाली ते.

बोर्ड वळायलाच तयार नाही

पहिली शंका लांबीची. "बोर्ड उभा केला की हनुवटीला लागला पाहिजे" हा सल्ला अजून सगळीकडे दिला जातो. तो विसरा. बोर्ड वळतो तो तुमच्या वजनाखाली वाकून. त्याला तुमची उंची कळत नाही, किलो कळतात. साधारण ५० किलोच्या माणसाला १४२ ते १४८, ६५ ते ७० किलोच्या माणसाला १५२ ते १५७ आणि ८५ किलोला १५९ ते १६३ सेंटीमीटर, असा ढोबळ हिशोब धरा. नवशिक्याने त्यातला खालचा आकडा घ्यावा. शेवटी प्रत्येक मॉडेलचा स्वतःचा वजनाचा तक्ता असतो, त्यात तुमचं वजन मधोमध बसलं पाहिजे. अगदी काठावर बसत असेल तर शेजारचं माप बघा.

दुसरी शंका कडकपणाची. कडकपणा एक ते दहाच्या आकड्यांत लिहितात, पण ही मोजणी सगळ्या कंपन्यांना सारखी नाही. एकीचा पाच दुसरीचा सात निघू शकतो. म्हणून एकाच कंपनीच्या दोन बोर्डांची तुलना करायला आकडा वापरा, त्यापलीकडे त्यावर विसंबू नका. शिकणाऱ्याला तीन-चार पुरे. कडक बोर्ड वेगात स्थिर राहतो हे खरं, पण त्या वेगाला पोचेपर्यंत तो वाकत नाही, आणि नवशिक्या त्या वेगाला पोचत नाही.

माझा पहिला बोर्ड मामेभावाने टोरोंटोहून आणला होता. मोठ्या प्रेमाने, तिथल्या दुकानात होता त्यातला सगळ्यात महाग. १६२ लांब, कडक, उंच डोंगरावरून सुसाट उतरणाऱ्यांसाठी बनवलेला. माझं वजन तेव्हा ६४ किलो. दोन हिवाळे त्याच्याशी झगडलो. मांड्या भरून यायच्या, आणि प्रत्येक वळण म्हणजे अडलेली बैलगाडी ढकलल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या वर्षी एका काश्मिरी गाइडने स्वतःचा १५४ चा मऊ बोर्ड तासभर वापरायला दिला. त्या एका तासात मी जे शिकलो ते दोन वर्षांत शिकलो नव्हतो. उद्या आपण जसे उतरणार आहोत असं वाटतं त्या माणसासाठी बोर्ड घेऊ नका. आज जो माणूस बूट बांधतोय त्याच्यासाठी घ्या.

वळताना बोर्ड अचानक निसटतो

नीट कलून वळत आहात, कड बर्फात रुतली आहे, आणि एकदम बोर्ड पायाखालून जातो. मोठ्या पायाच्या लोकांनी आधी बूट बघावा. बोर्ड अरुंद असला की बुटाचा पुढचा भाग बाहेर लोंबतो आणि कलल्यावर बर्फाला घासतो. कड उचलली जाते, माणूस पडतो. दोन्ही बाजूंनी एक ते दोन सेंटीमीटर बाहेर आलेलं चालतं, किंबहुना तेवढं हवंच. त्याहून जास्त असेल तर रुंद बोर्ड घ्या. साधारण अमेरिकन दहा-अकरा नंबरपासून पुढे हा प्रश्न येतो.

घरी करण्यासारखी तपासणी सोपी आहे. बोर्ड जमिनीवर ठेवा, बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारे पट्टे, बसतात त्या जागेवर अनवाणी उभे राहा, पाय जसा तिरका ठेवणार तसाच ठेवून. पाऊल बोर्डाच्या रुंदीइतकं किंवा किंचित जास्त दिसलं पाहिजे. दोन्हीकडे बोर्डच उरत असेल तर नाशिकच्या मुलीसारखी गत होणार.

सरळ जाताना दाणकन आपटणं

काही कारण नसताना, अगदी संथ उतारावर, खालच्या बाजूची कड अडकते आणि माणूस पाठीवर नाहीतर तोंडावर पडतो. मनगट मोडण्याचे प्रकार इथलेच. यात शिकण्याचा भाग आहेच, पण बोर्डाच्या बाकाचाही आहे.

बोर्ड फरशीवर ठेवा आणि खाली वाकून आडवं बघा. मधोमध खालून उजेड दिसतोय, आणि बोर्ड फक्त दोन टोकांजवळ टेकलाय? हा कॅम्बर. त्यावर उभं राहिलं की तो सपाट होतो आणि पूर्ण कड बर्फावर दाबली जाते. कडक, गोठलेल्या बर्फावर याच्यासारखी पकड नाही, पण चूक केली तर तो सोडत नाही. उलट मध्ये टेकलेला आणि टोकांकडे उचललेला, केळ्यासारखा, तो रॉकर. तो माफ करतो, खोल बर्फावर तरंगतो, आणि सकाळच्या काचेसारख्या बर्फावर घसरतो. आजकालचे बहुतेक बोर्ड या दोन्हींचं मिश्रण असतात. नवशिक्याने मिश्र किंवा सपाट घ्यावा, निव्वळ कॅम्बर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मात्र पूर्ण रॉकर घेऊन आयुष्यभर त्यावर राहू नका, त्यात कडेवर उभं राहायची सवयच लागत नाही.

पावडरमध्ये मागची मांडी पेटते

आता खरा गुलमर्ग. गाव २,६५० मीटरवर, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, आणि दुसरा अफरवट डोंगराच्या अंगावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. लोक जगभरातून येतात ते या दुसऱ्या टप्प्यावरच्या खोल, कोरड्या बर्फासाठी, म्हणजेच पावडरसाठी. तिथे दोन्ही टोकं सारखी असलेला छोटा बोर्ड नेला की नाक बर्फात घुसतं. ते वर ठेवायला सगळं वजन मागच्या पायावर टाकावं लागतं, आणि अर्ध्या उतारावर मांडी जळायला लागते.

इथे लगेच नवा बोर्ड घेण्याची गरज नाही, आधी स्क्रूड्रायव्हर काढा. दोन्ही बाइंडिंग एक-एक भोक मागे सरकवा. भोकांच्या दोन ओळींतलं अंतर बोर्डानुसार दोन किंवा चार सेंटीमीटर असतं, आणि दोन सेंटीमीटरनेही नाक वर येतं. पायांमधलं अंतर मात्र बदलू देऊ नका, दोन्ही सारखेच सरकवायचे.

बोर्ड घ्यायचाच असेल तर एका दिशेचा, रुंद-लांब नाकाचा आणि मागे निमुळता होणारा बघा, नेहमीच्या मापापेक्षा थोडा लांब. आखूड आणि जास्त रुंद असेही बोर्ड निघतात, त्यांना त्यांचा वेगळा तक्ता लागतो. पण फक्त पावडरचा बोर्ड हा एकमेव बोर्ड म्हणून घेऊ नका. जानेवारी २०२४ आठवा, गुलमर्गचा तो महिना जवळजवळ कोरडा गेला होता. वर्षातून एकदाच, आधी तिकिटं काढून येणाऱ्या आपल्यासारख्याला बर्फ मिळेल तो घ्यावा लागतो. त्यासाठी सगळीकडे चालणारा, थोडा एका दिशेकडे झुकलेला, मध्यम कडकपणाचा बोर्ड बरा. व्हिडिओत रेलवर, म्हणजे बर्फात उभ्या केलेल्या दांड्यांवर, घसरणारी पोरं बघून अशा कसरतींच्या पार्कचा मऊ, दुटोकी बोर्ड घेणारेही भेटतात. गुलमर्गला जाणाऱ्याचे दिवस रेलवर जात नाहीत. दुबईत राहणाऱ्या, मॉलमधल्या बर्फावर दर शनिवारी जाणाऱ्या भाच्याला तो शोभेल.

आणि अफरवटवर हिमस्खलन होतं. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), सोबती आणि त्या दिवसाची माहिती यांची जागा कुठलाही बोर्ड घेत नाही.

बोर्ड चांगला, तरी हुकूम ऐकत नाही

मग बूट बघा. खरं तर पैसे मोजकेच असतील तर बोर्ड भाड्याने घ्या आणि बूट स्वतःचे घ्या, असंच मी प्रत्येकाला सांगतो. टाच बुटात उचलली जात असेल तर तुम्ही चवड्यावर जोर दिल्यानंतर क्षणभराने बोर्डाला कळतं. बूट बांधून सरळ उभे राहा, बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे आली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये.

आपल्याकडे यात एक खास घोळ होतो. भारतातले बुटांचे नंबर बहुतेक ब्रिटिश मापाचे, आणि स्नोबोर्डच्या बुटांवर ठळक छापलेला असतो अमेरिकन. तुमचा नेहमीचा आठ तिथे साधारण नऊ होतो. सरळ नऊ नंबर मागितला, तो आपल्या नऊचाच समजून घेतला, की सगळा हिशोब चुकतो. त्यापेक्षा भिंतीला टाच लावून पाऊल सेंटीमीटरमध्ये मोजा. बुटावर तो आकडाही असतो, २७ सेंटीमीटरचं पाऊल म्हणजे २७. गैरसमजाला जागाच नाही.

कुठला पाय पुढे, हेही दुकानदारावर सोडू नका. तो सवयीने डावा पुढे बांधून देतो. घरी मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरून बघा, जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा.

सपाटीवर अडकणं, आणि बोर्डाचा तळ

गुलमर्ग वाटीसारखं आहे, उतार संपला की सपाटी लागते. स्कीवाले काठ्या मारत पुढे जातात आणि आपण पट्टा सोडून एका पायाने ढकलत बसतो. तळ पांढुरका, कोरडा दिसत असेल तर त्याला वॅक्स हवं. निवडताना इथे एक गोष्ट सांगतो, ती दुकानात कुणी सांगत नाही. महागड्या बोर्डांचा सिंटर्ड तळ वेगवान खरा, पण वॅक्स पिणारा असतो आणि सारखं वॅक्स नाही मिळालं तर त्याचा वेग मरतो. साधा एक्स्ट्रूडेड तळ थोडा हळू, पण दुर्लक्ष सहन करतो. वर्षातले दहा दिवस बर्फावर आणि बाकीचे पुण्यात, अशा माणसाला साधा तळच सोयीचा.

जुना बोर्ड घेत असाल तर चार गोष्टी बघा. कडेची पट्टी कुठे तुटली किंवा उचलली आहे का, टोकाजवळ थर सुटलेत का, तळावरचा ओरखडा आतल्या लाकडापर्यंत गेलाय का, आणि प्रत्येक भोकात स्क्रू हाताने सरळ फिरतो का. भोकातले आटे गेले असतील तर तो बोर्ड फुकटही नको.

घरी आणलेल्या बोर्डाचा सगळ्यात मोठा शत्रू आपला पाऊस. मार्चमध्ये ओला बोर्ड तसाच पिशवीत घालून माळ्यावर टाकला, तर ऑगस्टपर्यंत कडांवर तांबूस गंज चढतो, कोकणात तर जुलैतच. आल्या आल्या बाइंडिंग काढा, बोर्ड कोरडा पुसा, तळावर आणि कडांवर वॅक्सचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका, पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसाच राहू द्या. वॅक्स वितळवायला इस्त्री कपड्यांची वापरू नका. आणि गणपतीच्या आसपास एकदा पिशवी उघडून कडेवरून फडकं फिरवा. फडक्यावर तांबूस डाग आला तर कड पुसून कोरडी करा, पुन्हा वॅक्स लावा आणि पिशवीची चेन थोडी उघडी ठेवा.