रानपोपटीचं तण : फुगा दिसेपर्यंत थांबू नका

रानपोपटी, काही भागांत चिरबोटी. हे तण बहुतेकांना कळतं ते हिरवे, फुग्यांसारखे कंदील लोंबायला लागल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. प्रत्येक फुग्यात एक फळ आणि त्यात बारीक, चपट्या बियांचा खच. हे झाड फक्त बियांवरच पसरतं, म्हणजे सगळा खेळ फुगा धरण्याआधीचा आहे.

पहिली गफलत ओळखण्यात होते. मिरची, टोमॅटो, वांगी आणि रानपोपटी एकाच कुळातली, त्यामुळे कोवळी रोपं सारखीच दिसतात. रोपवाटिकेत बी फोकून टाकू नका, ओळीत पेरा. ओळीबाहेर उगवेल ते बेलाशक उपटा. कामोणी या दुसऱ्या तणाशीही घोटाळा होतो. कामोणीची फुलं पांढरी आणि झुबक्यात, फळं उघडी. रानपोपटीचं फूल फिकट पिवळं, पानाच्या बेचक्यात एकटंच, खाली मान घातलेलं.

दुसरी चूक खुरपणीतली. विळ्याने शेंडा छाटला की उरलेल्या पेरांतून चार फांद्या फुटतात. खुरपं बीजदलांच्या (बी उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) खाली, मातीत घालूनच रोप काढा. वेळ २ ते ४ पानांची, जमीन वापशावर, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी असताना. चिखलात उपटून तिथेच टाकलेलं रोप पुन्हा मूळ धरतं.

फुगे आलेलं झाड उपटून बांधावर टाकणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आतलं फळ झाड सुकत असतानाही पिकत राहतं. अशी झाडं गोणीत भरून शेताबाहेर न्या. उकिरड्यावर नकोत आणि जनावरांपुढेही नकोत. पाला आणि कच्ची फळं विषारी असतात.

उपटल्यावर मुळं झटकून बघायची सवय लावा. मुळांवर गाठी असतील तर जमिनीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) आहेत आणि हे तण त्यांना पोसतंय. तिथे लगेच मिरची, टोमॅटो किंवा वांगी घेऊ नका. बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, आणणाऱ्या विषाणूंनाही हे झाड हंगामाबाहेर आसरा देतं, म्हणून बांधावरची झाडंही काढावीच लागतात.

तणनाशकाने काम भागत नाही, अशी तक्रार असते. क्विझालोफॉपसारखी औषधं फक्त गवतवर्गीय तणांवर चालतात. रानपोपटीला त्यांचा ढिम्म फरक पडत नाही. उलट टोमॅटो-मिरचीत जे औषध पिकाला सोसतं, ते याच कुळातल्या तणालाही बऱ्याचदा सोसतं. तिथे खुरपणीला पर्याय नाही. टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणांवरचं औषध मारायचा मोह झालाच, तर शेजारचा कापूस आणि टोमॅटो आठवा. वाऱ्यावर गेलेल्या थेंबांनीसुद्धा त्यांची पानं आकसतात.

शेतात दरवर्षी गालिचाच उगवत असेल, तर पेरणीआधी पाणी द्या, १० ते १५ दिवसांत उगवलेली रोपं ३ ते ५ सेंमी खोल वखराने मारा आणि मगच पेरा. खोल नांगरट इथे मदत करत नाही. गाडलेलं बी पुढच्या नांगरटीत पुन्हा वर येतं.