बेसचा ॲम्प आणि कॅबिनेट : वॉटच्या आधी ओहम बघा

बेस गिटार घेऊन ऑर्केस्ट्रात नव्याने वाजवायला लागलेली मुलं मला हमखास विचारतात, "दादा, पाचशे वॉटचं हेड तीनशेच्या कॅबिनेटला लावलं तर स्पीकर उडेल का?" हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प आणि कॅबिनेट म्हणजे स्पीकरची पेटी. या प्रश्नात ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा, आकडा राहून गेलेला असतो. तो कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि कळला की बऱ्याचदा घाबरायचं कारणच उरत नाही.

कॅबिनेटच्या मागे जॅकपाशी क्षमता लिहिलेली असते : किती ओहम, किती वॉट. हेडच्या मागे बहुधा '५०० वॉट, ४ ओहम' असं असतं. म्हणजे ४ ओहमचा लोड (जोडलेली कॅबिनेटं) लावला तरच ते ५०० वॉट. त्याच हेडला ८ ओहमचं एकच कॅबिनेट जोडलं तर साधारण २५० ते ३०० वॉट मिळतात. तेव्हा तुमचं तीनशे वॉटचं कॅबिनेट ८ ओहमचं असेल तर जोडी छान जमली. तेच ४ ओहमचं असेल तर मात्र पूर्ण ताकद त्याच्यावर येऊ शकते आणि हात आवरून वाजवावं लागतं.

दुसरं कॅबिनेट जोडताना गणित बदलतं. ८ आणि ८ मिळून ४ ओहम होतात, ४ आणि ४ मिळून २. पहिल्या कॅबिनेटमधून वायर काढून दुसऱ्याला दिली की सिरीज (एकामागे एक) जोडणी होऊन ओहमची बेरीज झाली असं अनेकांना वाटतं; पण कॅबिनेटचे दोन्ही जॅक आतून जवळजवळ नेहमी पॅरललच (समांतर) असतात. ४ आणि ८ ची जोडी लावलीत तर ॲम्पला २.६७ ओहम दिसतात आणि दोनतृतीयांश ताकद एकटं ४ ओहमवालं कॅबिनेट खातं. बरीच हेड ४ ओहमच्या खाली चालवायची नसतात. चालवली तर प्रोटेक्शन लागून आवाज बंद होतो, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पची गोष्ट वेगळी : तिथे मागचा ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळवायचा, आणि कॅबिनेट न जोडता तो कधीच वाजवायचा नाही, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

वॉटच्या आकड्यातही फसगत होते. कंटिन्युअस किंवा आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद, हा खरा धरायचा आकडा. प्रोग्रॅम म्हणून लिहिलेला साधारण त्याच्या दुप्पट असतो, पीक चौपट. भाड्याच्या सेटवर नुसतंच '१००० वॉट' लिहिलेलं दिसलं तर कुठले वॉट ते विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही, चांगले साउंडवाले आनंदाने सांगतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. स्पीकर दोन तऱ्हांनी मरतो. एक, कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) तापून जळते. कॅबिनेटच्या मागे लिहिलेले वॉट याच मर्यादेचे असतात. दुसरी तऱ्हा म्हणजे कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) इतका पुढेमागे हलतो की कॉइल आपली जागा सोडून आपटते, आणि ही मर्यादा तिथे लिहिलेलीच नसते. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची बी ३१ हर्ट्झची. तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली गेलं की कोनला चौपट हलावं लागतं. पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) कॅबिनेटमध्ये तर पोर्ट ज्या सुराला जुळवलेलं असतं त्याच्या खाली आतल्या हवेचा आधारच जातो. म्हणून ४०० वॉटचं कॅबिनेट खालच्या सुरांना चारशेच्या बरंच आधी हात टेकू शकतं. त्यात बेसचा नॉब १२ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वर नेलात तर त्या खालच्या सुरांसाठी सोळापट ताकद मागितलीत! सुराबरोबर 'थप्प थप्प' किंवा फडफड ऐकू आली की आधी बेसचा नॉब खाली, मग व्हॉल्यूम. ३०-४० हर्ट्झचा हायपास फिल्टर (त्याखालचे सूर गाळणारा) असेल तर लावून ठेवा. ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही आणि कोनला मोठा आराम मिळतो.

कमी वॉटचा ॲम्प स्पीकर जाळतो, हेही कानावर येईल, पण ते अर्धंच खरं. शंभर वॉटचा ॲम्प पूर्ण क्लिप झाला (कुवतीबाहेर ताणून आवाज फाटला) तर जेमतेम दुप्पट ताकद देईल. चारशेच्या वूफरला (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरला) ते सहज झेपतं. जळतो तो ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर.

वापरलेलं कॅबिनेट घेताना मल्टिमीटर न्या. ८ ओहमचं कॅबिनेट मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतं. मग जाळी काढून दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीच्या दोन बाजूंना सारखी टेकवा आणि कोन हलकेच आत दाबा. कान जवळ न्या. खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय. जळक्या डिंकासारखा वास आला तर पैसे खिशातच ठेवा. आणि गिटारची लीड (गिटारपासून ॲम्पला जाणारी वायर) कॅबिनेटला कधी लावू नका. जॅक सारखाच दिसतो, पण आतली तार बारीक असते आणि तापते. स्पीकरची वायर वेगळीच हवी, स्पीकॉन (स्पीकरसाठीचा खास, फिरवून बसणारा कनेक्टर) असेल तर उत्तम.

१९६९ मध्ये ॲम्पेग कंपनीचा ३०० वॉटचा एसव्हीटी हा बेसचा ॲम्प आला तेव्हा दहा इंची आठ स्पीकरच्या एका कॅबिनेटला २४० वॉटच झेपत होते, म्हणून एका हेडला दोन कॅबिनेटं लावत. तो हिशोब आजही लागू आहे. नुसते वॉट दुप्पट केले तर जेमतेम ३ डीबी वाढतात; तसंच दुसरं कॅबिनेट जोडलं तर ६ डीबीपर्यंत मिळतात आणि प्रत्येक स्पीकरवरचा भारही वाढत नाही. म्हणून पहिलं कॅबिनेट ८ ओहमचंच घ्या, आणि त्याची कंटिन्युअस क्षमता तुमच्या हेडच्या ८ ओहमच्या आकड्याएवढी किंवा थोडी जास्त बघा. पुढे कामं वाढली की अगदी तसंच दुसरं आणा.