एल्ड्रिच हॉरर पहिल्यांदा खेळताय? या चुका टाळा

एल्ड्रिच हॉरर हा फँटसी फ्लाइट गेम्सने 2013 मध्ये आणलेला सहकारी भयखेळ आहे. काळ 1926 चा, बोर्ड म्हणजे अख्ख्या जगाचा नकाशा, आणि एक ते आठ खेळाडू एकमेकांविरुद्ध नव्हे, तर जागी होऊ पाहणाऱ्या एका प्राचीन शक्तीविरुद्ध खेळतात. मुदतीत तीन रहस्ये सुटली तर सगळे जिंकतात, नाही तर सगळे हरतात. आमच्या गटात नव्या मंडळींना हा खेळ शिकवण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते आणि दर वेळी तीच ती माती खाल्लेली पाहून आता कंटाळा आला आहे. पुढे जे लिहिले आहे त्यात माझ्या सवयी आणि माझे ग्रह दोन्ही आहेत, हे आधीच सांगतो.

शिकार करायला निघणे

नवा खेळाडू बोर्डावर राक्षस पाहतो, हातातली बंदूक पाहतो आणि खेळ समजला असे धरून चालतो. वास्तविक या खेळात राक्षस मारल्याबद्दल कोणी गुण देत नाही. खरा शत्रू आहे डूमचा आकडा, म्हणजे ती प्राचीन शक्ती जागी होईपर्यंत उरलेली मुदत. ॲझॅथॉथ या शक्तीविरुद्ध खेळताना तो 15 वरून सुरू होतो आणि शून्यावर आला की, अन्य शक्तींच्या बाबतीत निदान पुढे झुंजायची संधी मिळते तशी काहीही न मिळता, खेळ तिथेच संपतो. हा आकडा सर्वांत झपाट्याने कोण खाली आणते, तर बोर्डावर उघडी पडलेली गेट्स, म्हणजे दुसऱ्या जगांची दारे. ओमेनचा, म्हणजे शकुनाचा, काटा हिरवा, निळा, लाल, पुन्हा निळा अशा चार घरांतून फिरतो आणि ज्या रंगावर येऊन थांबतो त्या रंगाच्या प्रत्येक उघड्या गेटमागे डूम एकाने उतरतो. एवढे एक वाक्य ज्याला कळले त्याला अर्धा खेळ कळला, पण नियम वाचून दाखवताना नेमके याच वेळी कोणीतरी चहाचे विचारायला उठलेले असते.

हा हिशेब चुकला की काय होते, ते एका डावात फार स्वच्छ दिसले. चार खेळाडू होते, सगळे नवखे, समोर ॲझॅथॉथ, आणि मी फक्त नियम सांगायला बाजूला बसलो होतो. माझ्या मावसभावाने मार्क हॅरिगन हा सैनिक घेतला होता आणि हत्यारे मिळाल्यापासून तो नकाशाभर शिकार करत हिंडत होता. दोन रहस्ये सुटली होती, तिसऱ्यासाठी पुरावे (रहस्य सोडवायला लागणारी टोकन) जमत आले होते आणि डूम 2 वर होता. बोर्डावर हिरव्या रंगाची दोन गेट्स उघडी होती. त्यांतले एक सैनिकापासून एका घरावर, आणि त्याच्यावर पहाऱ्याला होता फक्त एक कल्टिस्ट, म्हणजे किरकोळ राक्षस. त्याला मारून त्याच फेरीत आत शिरून गेट बंद करायचा प्रयत्न करता आला असता. धाकट्या बहिणीने तसे सुचवलेही. त्यावर याचे उत्तर असे, "अगं, ते गेट कुणाला काही करतंय का? राहू दे की. तो पलीकडचा मोठा आधी पाडतो." आणि त्याने तो मोठा राक्षस खरोखरच पाडला, फाशांवर पाच यशे आली, टाळ्याही पडल्या.

त्याच फेरीत बहिणीने शेवटचा पुरावा तिसऱ्या रहस्याच्या पानावर ठेवला. सगळ्यांनी जिंकलो म्हणून आरडाओरडा केला, एकाने टोकन गोळा करायलाही घेतले. मी म्हटले, थांबा, मिथॉसचे पान (फेरीच्या शेवटी निघणारे घटनांचे पान) बाकी आहे. रहस्य पुरावा ठेवल्याबरोबर सुटत नाही. ते सुटले की नाही हे मिथॉस टप्प्याच्या शेवटी पाहायचे असते, असे रहस्याच्या पानावरच छापलेले आहे. पिवळे पान निघाले. पिवळ्या पानावर पहिली गोष्ट घडते ती ओमेनचा काटा पुढे सरकण्याची. काटा निळ्यावरून हिरव्यावर गेला, दोन गेट्स, दोन डूम, आकडा शून्य. रहस्याच्या पानावर सगळे पुरावे व्यवस्थित ठेवलेले होते आणि ॲझॅथॉथने जग गिळले होते. मावसभाऊ नंतर बराच वेळ नियमपुस्तिका उलटसुलट चाळत बसला, पण नियम बदलला नाही.

यावर माझी सवय अशी आहे की, प्रत्येक फेरी सुरू होण्यापूर्वी काट्याच्या पुढच्या घराचा रंग मोठ्याने सांगायचा आणि त्या रंगाची गेट्स बोटाने मोजायची. ही संख्या डूमएवढी किंवा त्याहून जास्त असेल तर त्या फेरीत बाकी सगळे उद्योग बंद. मिथॉसचे निळे पान आले तर काटा हलत नाही हे खरे, पण ते येईलच अशा भरवशावर बसणाऱ्याचा मला राग येतो. शिवाय निळी गेट्स जुनी होऊ देऊ नयेत, कारण काट्याच्या एका पूर्ण चक्रात निळा रंग दोनदा लागतो, म्हणजे तेवढ्याच काळात निळे गेट हिरव्याच्या किंवा लालच्या दुप्पट नुकसान करते. नवख्यांना तिन्ही रंग सारखेच वाटतात आणि जे गेट जवळ आहे तिकडे ते जातात.

राक्षसाशी लढूच नये असा याचा अर्थ नाही. गेटवर बसलेला राक्षस हटवल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि काही राक्षस रेकनिंगच्या वेळी, म्हणजे काही मिथॉस पानांमुळे वाईट परिणाम लागू होतात तेव्हा, खरोखर त्रास देतात. पण "हा माझ्या वाटेत आहे का?" याचे उत्तर नाही असे आले तर मी त्याला सोडून पुढे जातो.

फक्त स्ट्रेंथ पाहून लढाईत उतरणे

लढाईत फासे टाकून करायच्या दोन चाचण्या असतात आणि विलची, म्हणजे मनोबलाची, चाचणी आधी येते, स्ट्रेंथची, म्हणजे ताकदीची, नंतर. तिथे यश कमी पडले की सॅनिटी, म्हणजे मानसिक तोल, जाते, ती शून्यावर आली की बंदुकीपर्यंत हात पोचायच्या आतच पात्र बाद होते आणि वर डूम एकाने उतरतो. राक्षसाच्या टोकनवरचे भयाचे अंक आधी वाचावेत, नुकसानीचे नंतर.

कारभारी होऊन बसणे

ही चूक नवखे कमी आणि त्यांना शिकवायला बसलेले जास्त करतात, म्हणून ती मला अधिक खटकते. खेळ सहकारी आहे, सर्वांचे पत्ते उघडे आहेत, त्यामुळे ज्याला थोडे जास्त कळते तो हळूहळू सर्वांच्या चाली सांगू लागतो. "तू रोमला जा, तू इथेच थांबून विश्रांती घे, तू तिकीट काढ." तासाभरात बाकीचे तिघे फासे फेकण्यापुरते उरतात, त्यांतला एक मोबाईल काढतो, आणि डाव जिंकला तरी पुढच्या वेळी बोलावल्यावर कोणाला तरी नेमके काम निघते. दोन ते चार तास चालणाऱ्या खेळात हे परवडत नाही.

अशा वेळी मी सरळ नियम घालून देतो: आपली फेरी कशी खेळायची हे ज्याचे पात्र आहे त्याने आधी बोलायचे, सर्वांत नव्या खेळाडूने सर्वांच्या आधी, आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत इतरांनी बोर्डाकडे बोट दाखवायचे नाही. त्याची चाल कमी फायद्याची असली तरी ती होऊ द्यायची. अपवाद एकच, वर सांगितलेला डूमचा हिशेब जुळत नसेल तर. काही जुन्या खेळाडूंना हे फार सावकाश वाटते, पण त्यांना एवढीच घाई असेल तर हा खेळ एकट्यानेही खेळता येतो.

खरेदीची हौस आणि कर्ज

पहिल्या दोन-तीन फेऱ्या सगळे जण शहरात बसून वस्तू घेतात. एखाद्याने, म्हणजे खरेदीच्या चाचणीत लागणारा इन्फ्लुएन्स (वशिला) चांगला असलेल्या चार्ली केनसारख्या पात्राने, हे काम करावे. बाकीच्यांनी पुराव्यांमागे जावे. खरेदीच्या वेळी बँकेचे कर्ज काढले की दोन यशे आयती वाढतात, म्हणून नवखे ते उत्साहाने काढतात, "डाव संपेपर्यंत वसुलीला कोण येतंय?" असे म्हणून. वसुली येते. कर्जाच्या प्रत्येक पानाची मागची बाजू वेगळी असते आणि ती रेकनिंगमध्ये कधी उलटेल ते सांगता येत नाही. मी कर्ज काढतो, पण ज्या वस्तूमुळे पुढच्याच फेरीत गेट बंद होणार आहे अशाच वस्तूसाठी. आणि ती मागची बाजू आधीच वाचून पाहणाऱ्यांना मी पुन्हा पाने वाटू देत नाही.

पुरावे उधळणे

पुरावा खर्च करून एक फासा पुन्हा टाकता येतो. म्हणून तो किरकोळ खरेदीवर घालवू नये. माझे पुरावे रहस्यासाठी आणि गेटच्या आतल्या चाचणीसाठी राखलेले असतात.

नियमांच्या काही चुका तर प्रत्येक पहिल्या डावात होतातच. एकाच चाचणीत दोन वस्तूंची वाढ जोडता येत नाही, त्यांतली मोठी तेवढीच धरायची. दोन हत्यारे घेऊन आठ-नऊ फासे फेकणाऱ्याला तिथेच थांबवा. एका फेरीत तीच कृती दोनदा करता येत नाही. घरात राक्षस असेल तर तिथे विश्रांतीही नाही आणि खरेदीही नाही. तिकीट कच्च्या वाटेवर चालत नाही, त्यामुळे हिमालयाकडे निघालेल्याने नकाशावरच्या रेघांचे प्रकार निघण्यापूर्वी पाहावेत. मिथॉसच्या निळ्या पानांवरच्या अफवांकडे, म्हणजे मुदतीत निस्तरायच्या संकटांकडे, मात्र कोणीच लक्ष देत नाही, मुदत संपायला आल्यावर सगळे दचकतात आणि तेव्हा सर्वांत जवळचे पात्र नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असते.

राहता राहिली सवलतींची गोष्ट. पहिला डाव सोपा हवा असेल तर मिथॉसच्या गठ्ठ्यातून कठीण पाने आधीच काढून ठेवण्याची मुभा नियमपुस्तिकेनेच दिली आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही. आठ जणांनी पहिला डाव मांडण्यापेक्षा तिघा-चौघांनी मांडावा, हेही मी त्यातच धरतो. पण डाव सुरू झाल्यावर निघालेले पान आवडले नाही म्हणून "हे नको, दुसरं काढू" ही पद्धत माझ्या टेबलावर चालत नाही. कठीण पाने काढायची तर गठ्ठा रचतानाच काढावीत, आणि ॲझॅथॉथपासूनच सुरुवात करावी.