न्यू पॅलेसला निघण्याआधी मिरजेतच उरकायची तयारी

कोल्हापूर मिरजेपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. राजस्थानातले किल्ले बघायला जायचं तर दोन महिने आधी बॅगा काढतो आपण. तिथल्या न्यू पॅलेसला, म्हणजे छत्रपतींच्या वाड्यातल्या संग्रहालयाला मात्र "जाऊन येऊ की, त्यात काय" म्हणून निघायचं आणि तासाभरात बाहेर येऊन भेळ खात बसायचं. काय बघितलं विचारलं तर "लई तलवारी होत्या" आणि "वाघ होते", एवढंच. आमचंही दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंपासून तिसरीतल्या भाच्यापर्यंत सात माणसं न्यायची ठरली, तेव्हा मात्र आठवडाभर आधी तयारीला लागले. सांगली-मिरजेकडून कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.

आधी वार बघा. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. एकदा दुसऱ्या एका गावात सोमवारी बंद दारासमोर डबे उघडून दशम्या खाल्ल्या आहेत आम्ही, तेव्हापासून आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय घर सोडत नाही. वेळ विचाराल तेव्हा दुपारी जेवणाची सुट्टी असते का तेही विचारा. पॅलेसचा दिवस आणि अंबाबाईचा दिवस एकच असेल तर आधी पॅलेस, मग देऊळ. सासूबाईंना हे पटायला दोन दिवस लागले. पण देवळाची रांग किती खाईल ते देवीलाच ठाऊक, आणि रांगेत पाय गेले की मग पॅलेसमधली प्रत्येक खुर्ची बसायचीच वाटते. त्या खुर्च्या बसायच्या नसतात.

आता खरी तयारी. तिला तिकीट लागत नाही, मिरजेतल्या मिरजेतच होते. सतारमेकर गल्लीत एक चक्कर मारून या. हत्यारं बघायला जायचं आणि सतारींच्या दुकानात कशाला, असं आमचे हेही म्हणाले. पण हे सतार-तंबोरे घडवणारे मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावणं, त्यांना शिकल म्हणजे झिलई करणं, हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची फौज आटली, हत्यारांचं काम बसलं, आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात तंतुवाद्यांकडे वळवला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मुळाशी तलवारीची झिलई आहे. दुकानात एखादा कारागीर भोपळा तासत किंवा दांडीला पॉलिश करत बसला असेल तर दहा मिनिटं नुसतं त्याचं बोट बघा. किती दाब द्यायचा हे डोळ्यांनी ठरत नाही, बोटाला कळतं. हे बघून गेलात की पॅलेसमधल्या काचेच्या कपाटातलं पातं कुणीतरी असंच मांडीवर घेऊन घासलेलं दिसायला लागतं.

त्यानंतर शब्द. माझ्या मते सगळ्या यादीतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती कुणीच करत नाही. नाव माहीत नसेल तर डोळा पुढे सरकतो. मी भाच्याच्या वहीच्या मागच्या पानावर दहा-बारा शब्द लिहून काढले आणि रोज जेवताना दोन-दोन विचारले. तलवार वाकडी, धोप सरळ. फिरंग म्हणजे युरोपातून आलेलं पातं, मूठ मात्र बहुधा इथली. कट्यारीची मूठ आडवी, मुठीत धरून ठोसा मारावा तसा वार. काही कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडायला. बिचवा वाकडा आणि लहान. गुर्ज म्हणजे गदेचा धाकटा भाऊ. विटा म्हणजे दोरी लावलेला भाला, फेकून परत ओढायचा. दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, त्यामुळे मनगट वळतच नाही आणि सगळा खेळ खांद्यातून करावा लागतो. हे कळावं म्हणून भाच्याच्या हाताला पुठ्ठ्याची नळी बांधून फूटपट्टी धरायला दिली. फुलदाणी फुटली, पण पट्टा त्याच्या डोक्यात कायमचा बसला.

दोन गोष्टी जवळून बघायच्या हेही घरीच ठरवून घ्या. पहिली, तलवारीची मूठ. सगळ्यांचं हमखास वाक्य असतं, "पूर्वीच्या माणसांचे हात किती लहान होते!" तसं काही नाही. मुठीच्या वर जी गोल चकती असते ती मनगटाला टेकावी आणि हात आत घट्ट बसावा म्हणून मूठ आखूड केलेली असते. ती पकड ओढत कापायची आहे, भोसकायची नाही. दुसरी, ढाल. बाहेरून चार फुल्या, म्हणजे धातूची गोल फुलं दिसतात, त्या आपण नक्षी समजून सोडून देतो. त्या फुल्यांखाली आतल्या कड्यांचे खिळे असतात, त्या कड्यांना मुठीचे पट्टे, आणि मुठीच्या मागे बोटांची हाडं ठेचू नयेत म्हणून छोटी गादी. ढाल उलटी मांडलेली दिसली तर तिथे थांबाच. त्या गादीवर एखाद्याच्या बोटांचा घाम मुरलेला असेल, या विचाराने मी उगीचच माझा हात पुसला होता.

चिलखत बघताना भाच्याला एकच काम दिलं होतं: एक कडी निवड आणि ती कितींमधून गेली ते मोज. चार. मग हजारो कड्यांचा अंगरखा कसा विणला असेल हे सांगावं लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या लोकरीच्या टाक्यापेक्षा कठीण." बरोबर आहे, पण फार लांबचंही नाही.

पिशवीत काय? आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून पेन्सिल आणि लहान वही. कॅमेऱ्यापेक्षा बरं होतं हे. फोटो काढला की आपण बघायचं थांबवतो. वेडीवाकडी मूठ काढायची तरी तिच्याकडे पाच मिनिटं बघावं लागतं. जवळचं वाचायचा चष्मा विसरू नका, पाट्यांची अक्षरं बारीक असतात. दरबार हॉलसाठी क्रिकेटला नेतो ती जुनी दुर्बीण. हॉल दोन मजले उंच, आणि शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग रंगीत काचांच्या खिडक्यांत वर आहेत. खालून बघितलं तर नुसता लाल-निळा उजेड दिसतो, दुर्बिणीतून चेहरे दिसतात. ऊन चांगलं असेल अशी वेळ निवडा, ढगाळ दिवशी त्या काचा झोपलेल्या असतात. बाकी पाण्याची बाटली, सुटे पैसे, आणि ज्येष्ठांसाठी पायात सवयीची चप्पल. नवी कोल्हापुरी तिथे घेऊन तिथेच घालायचा मोह टाळा, ती चावते.

वाघांबद्दल मुलांशी आधी बोला. भुसा भरलेले वाघ, अस्वलं, गवे असे बरेच प्राणी तिथे आहेत, आणि लहान मुलांना एकदम समोर आले तर काहींना भीती वाटते, काहींना रडू येतं. आमचा भाचा रडला नाही, पण "यांना कुणी मारलं" हे त्याने इतक्या मोठ्याने विचारलं की आजूबाजूचे सगळे वळले. "तेव्हाचे राजे शिकार करायचे, आता करत नाहीत" एवढं उत्तर पुरत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

इमारतीसाठी मात्र फार पाठांतर नको. 1877 ते 1884 या काळात काळ्या दगडात बांधलेली, मधोमध घड्याळाचा मनोरा असलेली ही वास्तू मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याने आखली. बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेसही त्याचाच आराखडा. 1881 साली तो वारला, म्हणजे दोन्ही वाडे पुरे झालेले त्याने पाहिलेच नाहीत. संग्रहालय 1974 पासून लोकांसाठी खुलं आहे, आणि वाड्यात छत्रपतींच्या घराण्याचं वास्तव्य आजही आहे. त्यामुळे दोरी बांधलेल्या जिन्यावरून वाकून वर बघणं शोभत नाही. आत शिरण्याआधी एकदा बाहेरून पूर्ण फेरी मारा. देवळासारखे कोरीव खांब, वाड्यासारखे सज्जे, आणि वर विलायती घड्याळ हे एकाच भिंतीवर कसं नांदतं ते चालताना कळतं, समोर उभं राहून सेल्फी काढताना कळत नाही.

पाय उरले असतील तरच टाऊन हॉलचं संग्रहालय करा. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक देवाची कांस्यमूर्ती तिथे आहे. समुद्रदेव पंचगंगेकाठी कसा आला, हा प्रश्न भाच्याला वाघांपेक्षा सोपा वाटला: "होडीतून."

जायला मिरजेहून रेल्वे बरी, स्टेशनवरून कसबा बावड्याच्या बाजूला रिक्षा करायची. गाडी काढलीत तर अंकलीच्या पुलावर खिडक्या उघडा, सकाळी कृष्णेचा वारा चांगला लागतो. येताना मागच्या सीटवर सगळे झोपतील, वही तेवढी पुढे तुमच्याकडे ठेवा. आमची चिंचेच्या चटणीखाली सापडली. ढालीच्या चार फुल्यांतली एक पुसली गेली होती.