साबणाच्या पाण्यात मीठ टाकून पृष्ठताण मोजताय? आधी मीठ भाजा

एसडीएस, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, टूथपेस्टमध्ये फेस आणणारा माल. त्याच्या रेणूच्या डोक्यावर ऋण भार असतो, त्यामुळे पृष्ठभागावर आलेली डोकी एकमेकांना ढकलतात. मिठातला सोडियम मध्ये आला की ही ढकलाढकली कमी होते आणि गर्दीच्या वेळच्या पीएमपी बससारखे जास्त रेणू तेवढ्याच जागेत मावतात, पृष्ठताण उतरतो.

1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 1.15 ग्रॅम एसडीएस, दुसऱ्या लिटरमध्ये 11.7 ग्रॅम सोडियम क्लोराइड. दोन्ही सारखं-सारखं मिसळा. तुलनेला एसडीएस आणि तेवढंच साधं डिस्टिल्ड. स्टॅलॅग्मोमीटरने, म्हणजे ठरावीक द्रव थेंबाथेंबाने सोडणाऱ्या काचेच्या नळीने, थेंब मोजा, जास्त थेंब म्हणजे कमी पृष्ठताण. झालं.

आता खरी गोची. माझा एक अख्खा आठवडा मिठाने खाल्ला. आकडे इतके झकास येत होते की मी खूश, मग कुणीतरी विचारलं नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब मोजलेस का, आणि मोजले तर साध्या पाण्यापेक्षा जास्त! हे होऊच शकत नाही, कारण मिठाने पाण्याचा पृष्ठताण किंचित वाढतो, 1 मोलरला दीडेक मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणजे मिसळल्यावर उरणाऱ्या आपल्या 0.1 मोलरला फरक दिसायलाच नको. बाटलीतल्या मिठात तेलकट कचरा होता आणि मी त्याचंच मोजमाप करत बसलो होतो. तेव्हापासून मीठ मफल फर्नेसमध्ये, म्हणजे लॅबमधल्या भट्टीत, 500 अंशांवर काही तास भाजतो, आणि नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब साध्या पाण्याइतके आल्याशिवाय एसडीएसला हात लावत नाही. "एआर ग्रेड (लॅबसाठीचं शुद्ध) आहे, चालतं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. किचनमधलं मीठ तर नकोच, आणि बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातलं कॅल्शियम दुहेरी भाराचं, थोडंसंच असलं तरी खेळ बिघडवतं.

एसडीएसचं पाणीही ताजंच घ्या, शिळं झालं की त्यातून डोडेकॅनॉल नावाचं तेलकट अल्कोहोल सुटतं आणि तेही पृष्ठभागावर जाऊन बसतं. थेंब सावकाश सोडा, रेणूंना वर यायला वेळ लागतो.

डिसेंबरात पुण्यात सकाळी एसडीएसच्या बाटलीत पांढरे स्फटिक दिसले तर घाबरू नका, कोमट करून हलवा, विरघळतात. पण सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घेतलंत तर एसडीएसच पोटॅशियमशी मिळून साका होऊन बसतो, तो गाळून खालच्या पाण्याचे आकडे वहीत लिहू नका.